अकरा मिनिटं

अपडेट आलं मे महिन्यात, रात्री, न विचारता.
सकाळी उठलो तर मनगट
अकरा मिनिटं मागं.
बाहेर सेहेचाळीस डिग्री, दीपनगरच्या चिमण्या
पांढऱ्या आभाळात विरघळलेल्या,
आणि पडद्यावर हसरा ढग:
फिरायला छान दिवस आहे, पावलं वाढवा.

मी मालगाडीचा गार्ड. एकतीस वर्षं.
भुसावळ ते बडनेरा, भुसावळ ते खंडवा,
सगळ्या गाडीच्या मागं एकटा,
दोन झेंडे, एक दिवा आणि जर्नल.
वरणगावला चार मिनिटं थांबली, लिही कारण.
बोदवडला नऊ. लिही.
सिग्नल मिळाला नाही.
म्हैस.
निंभोऱ्याला केळी भरत होते, लाइन मोकळी नव्हती.
एकदा नुसतं 'धुकं' लिहिलं
तर साहेबानं बोलावून विचारलं,
धुकं म्हणजे किती खांब दिसत नव्हते?

या घड्याळाला किल्लीच नाही.
वेळ पुढं सारायला ॲप लागतं.
ॲप म्हणतं, हे घड्याळ माझ्या ओळखीचं नाही.

चौघांनी घेतलं होतं एकाच दिवशी,
जामनेर रोडवर, ऑफरमध्ये.
संध्याकाळी ग्राउंडच्या कठड्यावर बसून
मनगटं जुळवून बघतो.
हुरमत तडवीचं झोपेतही चालतं,
एका रात्रीत सहा हजार पावलं;
बायको विचारते, गेले कुठं होते?
डेन्झिलचं नुसतं थरथरतं.
वारके सिस्टरनं रेल्वे दवाखान्यात
जन्मभर लोकांच्या नाड्या धरल्या,
तिला घड्याळ सांगतं: नाडी सापडत नाही.
ती पट्ट्याच्या वर दोन बोटं ठेवते,
ओठ हलवत मोजते,
"आहे बापा अजून. बहात्तर."

दुकानातला पोरगा म्हणाला, काका, नवीन घ्या,
यात हा प्रॉब्लेम येत नाही.
किती वर्षं चालेल?
चालेल ना, सपोर्ट आहे तोवर.

फोन लावला. बाईचा आवाज गोड, दमलेला.
बंद करून चालू करा. केलं.
पुढच्या अपडेटची वाट बघा. कधी येईल?
ते सांगता येत नाही.
मग हळूच, घरातलं काही सांगावं तसं,
"सर, ते मॉडेल सपोर्टमधून काढलंय."
कोणी काढलं? काबर काढलं?
गप्प. मागं दुसरे आवाज, दुसऱ्यांची घड्याळं.
"सर, माझ्याकडे तेवढंच लिहिलेलं आहे."

तिच्यावर काय रागवायचं.
तीही शेवटच्याच डब्यात बसलेली,
इंजिन तिला दिसत नाही.

यार्डात वॅगन बिघडली तर
एक माणूस येतो, हातोडीनं चाक वाजवून बघतो,
अंगावर खडूनं लिहितो: सिक. तारीख. सही.
मग ओढून नेतात बाजूच्या लाइनीवर.
तिथं चाकांत गवत उगवतं,
पण कुणीतरी तिला एकदा नीट बघितलेलं असतं.

ही म्हणते, "अकरा मिनटांनी काय अडलं तुमचं?
कुठी जायचं हाये तुमाले?"
खरंय. कुठंच नाही.
पण रात्री तापीच्या पुलाकडून मालगाडी येते,
मी अंथरुणात डबे मोजतो,
अठ्ठावन्नपाशी कान टवकारतो.
आता शेवटी माणूस नसतो म्हणे,
एक पेटी असते. लुकलुकते.
तिचंही अपडेट येत असेल.

ट्रंकेतलं जुनं जर्नल काढलं, मागची पानं कोरी होती.
गाडी: डावं मनगट.
उशीर: अकरा मिनिटं.
कारण:
इथं पेन धरून बसलोय तीन दिवस.

उद्या परत फोन करणार.
ती विचारेल, आपली तक्रार काय आहे सर.
सांगेन, तक्रार नाही बाई,
रकाना भरायचाय.