सोफा किती वर्षांचा

विम्याचा माणूस विचारतो, सोफा किती वर्षांचा?
ओडेल म्हणतो, लग्नाआधीचा.
तो लिहितो: सतरा.

बाथटबमध्ये मी आणि पोरं, वर गादी,
गादीवर ओडेल.
आवाज थांबला तेव्हा
छपराच्या जागी हिरवट आभाळ होतं.

पलीकडे म्हाताऱ्या वर्डेलच्या घराच्या
पायऱ्या तेवढ्या उरल्यात.
तिसरीवर बसून तो
आल्यागेल्याला म्हणतो, या ना, आत या.

आमच्या अंगणात कुणाचा तरी ट्रॅम्पोलिन,
आणि चिखलात एक फोटो.
आमचा नाही. नवरी हसतेय,
मागे पेन्सिलीनं: जोनेल, जून ८८.
विचिताच्या पलीकडून आली असेल उडत.

पुसून घेतली,
चुंबकानं फ्रिजवर लावली.
फ्रिज रस्त्यात आहे.