कपाळावरचं अक्षर

हर्णैला बोट लांब उभी राहायची.
माणसं पडावात उतरायची,
आणि शेवटचं कंबरभर पाणी खलाशाच्या खांद्यावरून.
भागोजीदादा इटलीहून आला तो तसाच.
वाळूवर पाय टेकले तेव्हा म्हणाला,
"उचलून नेणारा मी. मला कशाला उचलता?"
पलटणीत स्ट्रेचरवाला होता तो.

एकदाच बोलला, पडवीत सुपारी सोलताना:
मलमाची असते तेवढी नळी, टोकाला सुई.
मांडीत खुपसायची, चिमटीने पिळायची.
मग त्याच्या कपाळावर इंग्रजी एम काढायचा,
पेन्सिलीने, नाहीतर त्याच्याच रक्ताने,
म्हणजे मागून येणारा पुन्हा देत नाही.
दोनदा दिलं की झोप उतरत नाही.

तुला कोणी दिलं, मी विचारलं.
तो सोलत राहिला.
बऱ्याच वेळाने:
"मेलेल्यांच्या खिशात उरायच्या."

कँपात अफूचं लायसनचं दुकान होतं.
पेन्शन आली की बुरोंडीहून मी चढण चढायचो.
कागदात वाटाण्याएवढी काळी गोळी.
दुकानदार नाव विचारायचा नाही,
विचारायचा, "पलटण कुठली?"
गाव म्हणे, भागोजी गरीब माणूस,
कुणाच्या अध्यात ना मध्यात.
समुद्राकडे पाठ करून बसायचा.

दुकान बंद झालं त्या साली
सुंभ त्यानेच आणून दिला.
होडीच्या खोपीत बांध मला.
शिव्या दिल्या तरी सोडू नको,
रडलो तर मुळीच सोडू नको.
अकरा रात्री.
मला ठाऊक नसलेल्या माणसांना तो हाका मारायचा,
आणि मी प्रत्येक हाकेला ओ द्यायचो.
बाराव्या दिवशी पेज मागितली. वर मीठ.

नऊ वर्षं गेली. विडीसुद्धा मोजून.

मग आयेच्या पोटात गाठ.
कँपातले डॉक्टर म्हणाले, दोन काचा ठेवून जातो,
एक आत्ता, दुसरी पहाटे, लागलीच तर.
सुई टोचणारं आहे का कोणी?
घराने दादाकडे पाहिलं,
मग घर दुसरीकडे पाहू लागलं.
त्याने राखेने हात धुतले. पुन्हा धुतले.
मला म्हणाला, "तू भायेर बस."

भरती आली, गेली.
आयेचं कण्हणं थांबलं तेव्हा
खुंट्याला बांधलेली गाय रवंथ करते, ते ऐकू आलं.

उजाडताना ती नव्हती.
कुंकू पुसलेल्या जागी कोळशाने काढलेला एम,
नीट, शाळकरी पोराच्या हाताचा.
खिडकीत दोन काचा.
दोन्ही मोडलेल्या. दोन्ही कोरड्या.

एम एकच होता.
दादा भिंतीला टेकून झोपलेला,
मुंडासं भुवयांपर्यंत ओढून.
ते मी वर सरकवलं नाही.
त्या दिवशी नाही, आणि पुढे
तो चौदा वर्षं जगला, तेव्हाही नाही.