पाटाच्या कडेने

बस अडीचला सोडून गेली. परतीची सहाला.
मधल्या वेळाचं काय करायचं
ते पाटाच्या पाण्याने ठरवलं:
ते डावीकडे निघालं, मीही.

दीडशे वर्षं चाकाखाली राबलेलं पाणी हे.
आता त्याच्यावर बदकं, रिकामटेकडी.
चाक गेलं, दगडात त्याची खोबण राहिली
पडलेल्या दाताच्या जागेसारखी;
पाणी अजून जीभ लावून पाहतं तिथे.

वर चढणीला घरांची ओळ,
धुराने काळवंडलेला दगड, भिंतीला भिंत,
एका घरात शिंक आली
तर चौथ्या घरात रुमाल निघावा अशी.
पायऱ्या मधोमध झिजलेल्या.
पहाटे साडेपाचला लाकडी तळव्यांचे बूट
उतरत गेले ह्यांच्यावरून, पिढ्यान्‌पिढ्या.
एका पायरीच्या खळग्यात
कुणीतरी मांजरासाठी दूध ओतून ठेवलंय.

गिरणीत आता लोक राहतात.
तिसऱ्या मजल्यावर, माग होते तिथे,
एक बाई यंत्राच्या पट्ट्यावर धावतेय
खिडकीकडे तोंड करून, जागच्या जागी.
धुराडं तेवढं कुणाला भाड्याने देता आलं नाही.
त्याच्या टोकाला एक बर्च उगवलाय.

काठावर क्लेमंट ओल्डरॉइड भेटला,
म्हातारा, त्याहून म्हातारी कुत्री घेऊन.
काठीच्या टोकाने एक काटेरी झुडूप दाखवलं:
‘हे इथलं नव्हे.
जगाच्या पार दुसऱ्या टोकाच्या मेंढ्यांच्या अंगाला
चिकटून आलं. माझा आजा लोकर धुवायचा,
मळ नदीत, बी काठाला.
म्हणजे आमच्याच घरातलं म्हणायचं.’
कुत्रीने त्याच्यावर पाय वर केला नाही.
मादी आहे, असं तो म्हणाला. मला ते आदरासारखं वाटलं.

पुलापाशी दोन म्हाताऱ्या.
हेस्टर ह्या काठाला बाकावर,
म्युरिअल पलीकडे, कुंपणाला रेलून.
दोघींचे ओठ चाललेले, जबडे मोठमोठे उघडत,
आणि आवाज चकार नाही.
मला वाटलं, बंधारा त्यांचे शब्द खातोय.

‘छे,’ क्लेमंट म्हणाला, ‘त्या आवाज काढतच नाहीत.
तीनशे मागांच्या खडखडाटात शिकलेलं बोलणं ते.
चार रांगांपलीकडे कुणाचं कुणाशी जमलं,
सगळं कळायचं, मुकादम सोडून सगळ्यांना.
भांडणंही अशीच.
एकीने पाठ फिरवली की मिटलं.’

माग भंगारात गेले, भोंगा संग्रहालयात.
ह्या दोघींनी मात्र खडखडाट
मनातल्या मनात चालू ठेवलाय,
त्याशिवाय बोलायला आडोसा कुठला?

म्युरिअलने माझ्याकडे पाहिलं, काहीतरी म्हणाली.
हेस्टरचे खांदे हसले.
‘काय म्हणाल्या?’
क्लेमंटने थोडा वेळ घेतला. आईकडून आलेलं तोडकंमोडकं.
‘म्हणतेय, हिच्या बुटाची नाडी सुटलीय.
आणि ही बस चुकवणार.’

मी वाकले. नाडी खरंच सुटली होती.

बस चुकली नाही, जेमतेम.
काचेआडून मी ओठ हलवले, आवाज न करता:
येते.
पलीकडच्या काठावरून म्युरिअलने कपाळाला आठ्या घातल्या,
मग हात खाली-वर केला, पोराला शिकवावं तसा:
हळू. तोंड नीट उघड.