चार नंबरची फ्लॉपी

नरसय्या येमूलांच्या डिझाइनच्या दुकानातून
सात फ्लॉप्या आल्या, कडक भाकरीच्या पुड्यात.
साखर पेठेतलं ते शटर आता मोबाइल कव्हरवाल्याचं.
मुलगा म्हणाला, फेकणारच होतो, तुम्ही विचारलंत म्हणून.

लेबलवर निळ्या शाईत त्यांचं अक्षर:
‘चादर प्रोग्राम, १ ते ७. उन्हात ठेवू नये.’
सोलापुरात.

ज्या सिस्टिमवर हे चालायचं
तिची कंपनी बुडून अठ्ठावीस वर्षं झाली.
ती अजून चालवणारे जगात आम्ही मोजून एकोणीस.
कुणी शिक्षक, कुणी बोटीवरचा वायरमन,
एक बाई फक्त किराण्याचा हिशेब लिहिते तिच्यावर.
एकमेकांचे चेहरे पाहिलेले नाहीत,
पण कुणाचा प्रिंटर कशावर अडतो ते पाठ आहे.
जमेल तेवढं गोळा करतो. यादीत चारशे बारा प्रोग्राम.
येमूलांचा त्यात नव्हता.

मी रात्रीच वाचते. दिवसा चव्वेचाळीस डिग्री,
ड्राइव्हचा पट्टा सैल पडतो.
अक्कलकोट रोडकडून मागांची खटखट,
टेबलावर याची खरखर,
मध्येच वीज जाते, दोन्ही गप्प.

एक, दोन, तीन उतरल्या.
चौथीवर बुरशी, जुन्या चार आण्याएवढी.
स्पिरिटचा बोळा फिरवला, श्वास धरून.
एकतिसाव्या ट्रॅकमधला एक तुकडा आला नाही.
चाळीस वेळा वाचला. आला नाही.

पाचशे बारा बाइट फक्त.
पण सुरू होताना प्रोग्राम स्वतःची बेरीज करतो,
जुळली नाही की बंद.
पुन्हा विचारायची सोय नाही.

अलीकडे मोराचे पाय होते, पलीकडे तुरा,
मधली मान नाही.
फाइलचं नाव मोर-दोन.
हे मी कुठं ऐकलंय?
ऐकलं नव्हतं. पांघरलं होतं.

त्र्याण्णवच्या दिवाळीत मिलनं बोनसऐवजी दिलेली चादर
ट्रंकेच्या तळाशी, डांबरगोळ्यांत.
भिंग घेऊन बसले.
धागा वर, एक. धागा खाली, शून्य.
ओळीत चौसष्ट, अशा चौसष्ट ओळी.
शंका आली की उलटायची,
पाठीवर तेच असतं, उलट्या रंगात.
आई म्हणाली, चादरीच्या उवा बघालीस का काय?

चौथ्या रात्री सगळं भरलं. बेरीज केली.
सोळाचा फरक.

रात्रपाळीचे जॉबर मल्लेशम बुर्ला
अशोक चौकापाशी राहतात, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
चादर मांडीवर घेतली, बोटं चालत गेली,
मानेखाली थांबली.
“हितं तुटला हुता. जोडला मी, पर एक घर चुकलं.
मालकाला दिसलं न्हाय. तुला कसं दिसलं गं?”
मला नाही दिसलं, म्हटलं. बेरजेला दिसलं.
ते बराच वेळ हसले, मग चादरीची घडी
त्यांनीच घातली, कडेला कड लावून.

ते एक घर मी सरकवलं.
काळा पडदा, मग हिरवी अक्षरं,
इंग्रजी लिपीत तेलुगू:
‘रा. कूर्चो.’
ये. बस.
एवढंच. खाली चौकोनांचा कागद, रिकामा,
कुणीतरी रंग निवडायची वाट बघत असलेला.

एकोणीस जणांना पाठवलं.
वायरमननं त्या दोन शब्दांचा अर्थ विचारला,
बाकीच्यांचं ‘चाललं’, ‘चाललं’, ‘माझ्याकडे आवाज नाही’.

सोबतच्या टिपणात लिहिलंय:
ट्रॅक एकतीस, चादरीवरून.
त्यातला एक बिट, मल्लेशम बुर्ला, तोंडी.

आई चादर परत मागतेय, थंडी नसताना.
आणि सातवीचं झाकण अजून सरकत नाहीये.