शेवटच्या बाकापर्यंत

गुरुवार, संध्याकाळी सात. चर्चच्या तळघरात आम्ही चौघं
आणि पाचवा वर्न.
बाहेर सस्कॅचेवानचा हिवाळा, उणे एकतीस. कॉफी पातळ.
ओरेस्ट भिंतीवर गावाचा नकाशा लावतो.
शाळा, तरणतलाव, वाचनालय, सगळ्यांभोवती लाल वर्तुळं.
उरलेल्या पांढऱ्या जागेत वर्ननं जगायचं.
ती जागा म्हणजे बहुतेक गव्हाची कोठारं आणि रेल्वेचे रूळ.

दर आठवड्याला मी तेच विचारते:
कुठं गेलास? मनात काय आलं?
खोटं काय बोललास?
तो गुडघ्यावर टोपी फिरवत राहतो.
मंगळवारी दुकानात रांगेत पुढे एक लहान मूल होतं,
सामान तिथंच ठेवून बाहेर पडलो, म्हणतो.
दूध राहिलं.
अर्ना म्हणते, देव थोर आहे.
मी म्हणते, किती वाजता?

लोक मला विचारतात, असली माणसं सुधारतात का?
मी एकोणतीस वर्षं शाळेची बस चालवली,
मला काय ठाऊक.
एवढं ठाऊक आहे, की एका हिवाळ्यात
मागच्या बाकावर दंगा करणारी एक मुलगी
पुढे येऊन माझ्या पाठीशी बसू लागली.
घरासमोर बस थांबली की बुटाची नाडी बांधत बसायची,
न सुटलेली.
मी म्हणायचे, चल गं, उशीर होतोय.
वर्न तेव्हा त्याच घरात राहायचा.

तिचं नाव मी इथं घेणार नाही.
ती आता दूर, समुद्राकाठी असते म्हणे.
कुठली वर्तुळं टाळायची
याचा नकाशा तिला कुणी दिला नव्हता.

नऊ वाजता मी त्याला घरी सोडते.
त्यानं मागच्या सीटवर बसायचं, हा माझा नियम.
आरशात दिसतो: पांढरे केस, नीट केलेली दाढी,
कुणाचाही काका वाटावा असा.
एकदा म्हणाला, तू तरी मला माफ केलंस का?
म्हटलं, ते माझ्यापाशी नाहीच, देऊ कुठून.
मग दोन मैल नुसता हीटरचा आवाज.

बस डेपोत लावली की आमचा एक शिरस्ता असे:
इंजिन बंद करून, दिवे लावून
शेवटच्या बाकापर्यंत चालत जायचं,
वाकून पाहायचं,
एखादं झोपलेलं पोर राहिलं तर नाही ना.
एकोणतीस वर्षांत एकदाच सापडलं.
बाकी सगळे दिवस बस रिकामीच होती,
आणि मी चालत गेले.

पुढच्या गुरुवारी बर्फ पडणार आहे म्हणतात.
फावडं गाडीत टाकून ठेवलंय.