शेरा

तांबट लेन, घर क्रमांक अकराशे चार.
पाडण्यापूर्वीची पाहणी. मंगळवार, साडेदहा.
समितीचे तिघे यायचे होते, दोघे आले.
तिसरे गाडी लावायला जागा शोधत भद्रकालीपर्यंत गेले
आणि तिथूनच फोनवर म्हणाले, तुम्ही सुरू करा.

टेपचं एक टोक माझ्याकडे.
दुसरं धरायला माणूस दिलेला नाही,
म्हणून मालकच धरतात : वामन वडके, वय एक्क्याऐंशी,
घर पाडायचा अर्ज ज्यांचा आहे तेच.
"किती भरलं?"
मी सांगते. त्यांना ऐकू येत नाही.
पन्नास वर्षं याच ओसरीत हंडे मठारले,
कान त्या आवाजात गेले.
मी बोटं दाखवते : दोनदा पाच, मग एक.
ते मान डोलावतात. बरोबर, अकराच फूट.
म्हणजे त्यांना माहीत होतं.

रकाने छापील आहेत.
बांधकामाचा काळ. छपराचा प्रकार.
दर्शनी भागातील कोरीव काम, असल्यास.
दर्शनी भागात एक कडी आणि विजेच्या मीटरचा डबा.
थोर व्यक्तीचा निवास, असल्यास.
कोणी थोर इथे जन्मलं नाही,
मुक्कामाला राहिलं नाही,
गोदेवर जाताना पाणी प्यायलासुद्धा थांबलं नाही.

पण ओसरीच्या मधोमध, खरवई रोवलेली असायची तिथे,
फरशीला दोन खळगे आहेत.
एक उजव्या टाचेचा, एक डाव्या.
आज्याने टेकली, बापाने टेकली, यांनी टेकली,
भांडं पायात धरून, एकाच जागी.
प्राध्यापक उपासनी गुडघ्यांवर बसून फोटो काढतात.
"हे बघा. हे महत्त्वाचं."
कोणत्या रकान्यात घालू, मी विचारते.
ते चष्मा पुसतात. बराच वेळ पुसतात.

मग जिना.
खैरनार मॅडम कठड्यावरून हात फिरवतात,
पैठणीचा काठ उलटा करून बघावा तसा.
"सागवानी. मूळचा. एक खिळा नाही, सगळे सांधे लाकडी."
मी लिहिते : उत्तम स्थिती.
रुंदीसाठी टेप आडवी धरते.
या वेळी ते माझ्याआधीच सांगतात,
एक फूट दहा इंच,
आणि लगेच पुढे, ऐकू न येणाऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात,
अख्ख्या गल्लीला कळेल असं :

"स्ट्रेचर बसलं नाही. हिला खुर्चीला बांधून उतरवली.
वळणावर खुर्ची अडकली.
चौघं होतो. वीस मिनिटं.
खाली आलो तेव्हा घाई संपली होती."

मॅडमचा हात कठड्यावरच होता.
उचलावा की राहू द्यावा, त्यांना कळेना.

सून, शरयू, चहा देते.
"संडास खाली आणि आम्ही वर. रात्री दोनदा
बाबांना धरून उतरवते. तेही लिहा ना."
कुठे लिहू, हे मी तिलाही विचारत नाही.
बाहेर बिल्डरचा माणूस मोटारसायकलवर बसून
चिवडा खातोय. त्याला घाई नाही.
त्याने अशा पाहण्या पाहिल्यात.

निघताना मॅडमनी भिंत वाजवून बघितली,
बोटाच्या पेराने, कान लावून.
वामनरावांनी नुसता तळवा ठेवला शेजारी.
"पोकळ," म्हणाले. "वाळवी. वरचा हातभर सोडून."
पोकळच होती.
मग त्यांच्या हातून टेपचं टोक सुटलं
आणि सळसळत माझ्या मुठीत आलं.

शरणपूर रोडला, तिसऱ्या मजल्यावर,
'शेरा' या रकान्याला अर्धा इंच जागा असते.
जिना उत्तम, लिहिलं. रुंदी अपुरी, लिहिलं.
दोन्ही खरं, शेजारी शेजारी,
एकमेकांकडे न बघता बसलेलं.
थोडी जागा उरली. तिथे लिहिलं : टाचा.

साहेब म्हणाले, हे काय? टाकं लिहायचं होतं का, पाण्याचं?
मी म्हटलं, नाही.
त्यांनी शब्दाभोवती पेन्सिलने गोल काढला
आणि फाइल पुढच्या बैठकीला ठेवली,
जिची तारीख अजून यायची आहे.