पान

“तुम्हीच लिहून आणा न मॅडम,
मी सही ठोकतो,” प्राचार्य म्हणाले.
ढोकेसरांचं शिफारसपत्रही मीच लिहिलं होतं गेल्या साली,
माझं अक्षर बरं म्हणून.
माझ्यानंतर चार वर्षांनी लागलेले ढोकेसर:
व्यासंगी. दूरदृष्टीचे. विभागाचा कणा.
कुठेच अडला नव्हता हात.

आज वरूडच्या स्टाफरूममध्ये लाइन गेलेली,
रस्त्यावर संत्र्याचे ट्रक भरताहेत.
अकरा वर्षं कोळशीमागे बागा पालथ्या घातल्या,
पानाखालची काळी माशी मोजली,
बहिणीच्या हळदीलाही नखांत काजळी होती.

लिहिते:
मनमिळाऊ. कष्टाळू.
स्नेहसंमेलनात नेहमी पुढे.

थांबते.
कोण ही बाई?

पान उलटते.
रोग खालच्या बाजूनेच सापडतो,
एवढं तरी शिकलेय मी.